नागपुरात मेडिकल असिस्टंटचा कोर्स: पात्रता, कागदपत्रं आणि प्रवेशाआधीची तपासणी

'मेडिकल असिस्टंट'ची जाहिरात दिसली की फी विचारण्याआधी एक विचारा: प्रमाणपत्र कोण देणार? या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वाटा येतात, आणि एकीवरून दुसरीवर मधूनच जाता येत नाही.

पहिली वाट जनरल ड्यूटी असिस्टंटची, म्हणजे जीडीए. दहावीनंतर काही महिन्यांत होते. काम वॉर्डातलं: चादर बदलणं, रुग्णाची कूस बदलून देणं, ताप-नाडी-बीपी मोजून लिहिणं, स्ट्रेचरवरून हलवणं. इंजेक्शन आणि सलाईन या कामात येत नाही. कोणी 'सगळं शिकवू' म्हणालं तर सावध व्हा. हा कोर्स हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा असून त्याचा कोड एचएसएस/क्यू५१०१ आहे. केंद्र खरं आहे का ते स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर शोधा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या बॅचला प्रशिक्षणाची फी नसते, तेव्हा त्या नावावर पैसे मागितले तर उठून या.

दुसरी वाट एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेची. मुलींसाठी, बारावीनंतर, दोन वर्षांची. वय १७ पूर्ण हवं. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते.

तिसरी तंत्रज्ञाची: लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर. इथे पदवी म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी). त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तीन वर्षं शिकायचं आणि पुढे इंटर्नशिप. कॉलेज संलग्न आहे का ते विद्यापीठाच्या यादीतच बघा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका.

सहा महिन्यांचा 'डिप्लोमा' घेऊन तंत्रज्ञ होता येईल का? नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनलची (यात तंत्रज्ञही येतात) पात्रता किमान २००० तासांची आणि किमान दोन वर्षांची असावी लागते. घरी बसून दूरस्थ पद्धतीने केलेला पॅरामेडिकल कोर्स तर यूजीसीच्या नियमांतच बसत नाही. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. मुलाची दोन वर्षं जातात ती मात्र परत येत नाहीत, म्हणून हे आधी बघा.

धंतोली-रामदासपेठेत दवाखाने भरपूर आहेत, त्यामुळे 'प्रॅक्टिकल हॉस्पिटलमध्ये' हे सगळेच सांगतात. कोणतं हॉस्पिटल, किती खाटांचं, करार लेखी आहे का, आठवड्यातून किती तास, हे विचारा. मग लॅब उघडायला लावा. ईसीजी मशीन असेल तर दहाही इलेक्ट्रोड जागेवर आहेत का (चार हातापायांचे, सहा छातीचे), ते बघा. वायर अजून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असेल तर त्या मशीनवर कोणी शिकलेलं नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चारही डबे आहेत का तेही पाहा. प्रॅक्टिकलआधी हिपॅटायटिस-बीची लस घ्यायला सांगतात का, हेही विचारा. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या आसपासच घेतलेला बरा.

कागदपत्रं: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, फिटनेस सर्टिफिकेट, फोटो. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. छिंदवाडा किंवा बालाघाटकडून बारावी झाली असेल तर तिथल्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही मागून घ्या.

दाखल्यांचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. निकालानंतर गर्दी होते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच टाका. सगळ्यात जास्त वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्राला. अनुसूचित जाती, ओबीसी, व्हीजेएनटीसाठी दीक्षाभूमी रोडवरच्या सामाजिक न्याय भवनातली जिल्हा समिती. अनुसूचित जमातीची समिती वेगळी. वडिलांकडच्या नातेवाइकाची वैधता किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडता आला तर पडताळणी सोपी जाते. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज गेला पाहिजे.

नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर जुना दाखला ठेवणारी मुलं दरवर्षी असतात, आणि जागा हातची जाते. दाखल्यावरची तारीख आजच वाचा.

दुसरी नेहमीची अडचण नावाची. गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारमध्ये शेवटी. हा क्रमाचा फरक सहसा चालतो. पण 'सुनीता'ची 'सुनिता' झाली किंवा वडिलांचं नाव अर्धंच असलं की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते शाखेत जाऊन खात्री करा. शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेत असाल तर जागा शासकीय प्रवेशफेरीतून मिळालेली आहे ना, हे फी भरण्याआधीच विचारून घ्या. व्यवस्थापन कोट्याच्या जागेला ती मिळत नाही.

फी रोखीत दिली तरी पावती घ्या. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, कोर्सचं नाव आणि शैक्षणिक वर्ष छापलेलं असावं. मूळ गुणपत्रिका तपासून झाल्या की तिथेच परत घ्या.