रेडिओलिगंड बंधन चाचणी

पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, औषधाचा लहान रेणू किती घट्ट चिकटतो हे मोजण्याची पद्धत. रेणूतल्या काही हायड्रोजन अणूंच्या जागी ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन बसवला, की तो रेणू कुठे जाऊन बसला ते मोजता येते.

कृती साधी वाटते. उंदराचा मेंदू गार द्रावणात घोटतात, त्यात किरणोत्सारी औषध मिसळून थोडा वेळ ठेवतात आणि मिश्रण काचतंतूंच्या गाळणकागदावर निर्वात पंपाने ओढून घेतात. लगेच बर्फगार द्रावणाने धुतात. इथे रेंगाळून चालत नाही. धुणे लांबले तर ग्राहीला धरून बसलेले रेणूही सुटू लागतात. कागदावर उरलेली किरणोत्सारिता मग किरणमापक यंत्र मोजते.

खरी कसोटी पुढे आहे. औषध ग्राहीखेरीज मेंदूतल्या चरबीला, अगदी कागदालाही चिकटते. म्हणून दुसऱ्या नळीत तेच किंवा त्याच ग्राहीवर बसणारे साधे, म्हणजे किरणोत्सारी नसलेले, औषध भरपूर घालतात. ते ग्राहींच्या जागा अडवते. तरीही कागदावर जी किरणोत्सारिता उरते ती भलतीकडची. ती वजा केल्यावर ग्राहीचा वाटा हाती येतो. या पद्धतीचे सगळे मोल या वजाबाकीत आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

अफूवर्गीय औषधांच्या ग्राहीचा शोध याची साक्ष देतो. १९७१ मध्ये औषधशास्त्रज्ञ अव्रम गोल्डस्टीन यांनी लेव्हॉर्फेनॉल हे अफूवर्गीय औषध आणि त्याचे आरशातले जुळे रूप डेक्स्ट्रॉर्फन यांची तुलना केली. वेदनाशामक गुण पहिल्यात आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाही. म्हणजे ग्राहीने या दोघांत भेद करायला हवा. पण त्यांना सापडलेला खरा बंध एकूण बंधाच्या जेमतेम २ टक्के होता. १९७३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी त्याच ग्राहीवर बसणारे नॅलोक्सोन हे औषध तीव्र किरणोत्सारी करून वापरले, आणि ग्राही स्पष्ट दिसला. नॅलोक्सोनला हुसकायला लेव्हॉर्फेनॉलच्या हजारो पट डेक्स्ट्रॉर्फन लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालात लार्स तेरेनियस स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले.

निम्म्या ग्राही जागा भरायला लागणारी संहती म्हणजे वियोजन स्थिरांक. तो जितका लहान, तितकी पकड घट्ट. मात्र पकडीवरून परिणाम कळत नाही. मॉर्फिन आणि नॅलोक्सोन दोन्ही त्याच ग्राहीवर बसतात. एक वेदना शमवते, दुसरे त्याचा परिणाम उलटवते. पुढे द्रावणात सोडियम घातल्यावर फरक उघड झाला: मॉर्फिनसारख्यांची पकड सैल पडली, नॅलोक्सोनची वाढली.