फणीच्या दातांनी कोरलेली मडकी

१९२५ साली हान नदीला मोठा पूर आला आणि आजच्या दक्षिण कोरियातल्या सोल शहरात आम्सा-दोंग इथला काठ वाहून गेला. वाळूखालून नक्षीदार खापरं वर आली. पुढच्या उत्खननांत इथे जमिनीत खणलेली घरं सापडली, सुमारे ६००० वर्षांपूर्वीची.

इथली मडकी बुडाशी निमुळती, शेंगदाण्याच्या टोकासारखी. सपाट फरशीवर ती कलंडतील, पण नदीकाठच्या वाळूत खुपसली की घट्ट उभी राहतात. काही घरांत तर बूड काढलेलं मडकं चुलीशेजारी उलटं पुरून साठवणीचा खड्डा केलेला आढळतो. ओकची फळं हे इथल्या लोकांचं महत्त्वाचं अन्न. ती सुकवून ठेवायची आणि खाण्याआधी पाण्यात भिजवून तुरटपणा घालवायचा, म्हणजे भांड्यांवाचून चालणारच नाही.

चाक नव्हतं. मातीच्या वळकट्या एकावर एक रचून, सांधे चेपून भांडं उभं करत. मातीत वाळू, अभ्रक किंवा शंखजिऱ्याची भर घालत, म्हणजे वाळताना आणि भाजताना तडे कमी जातात. भट्टीही नव्हती. उघड्या जाळात जेमतेम ६०० ते ७०० अंश सेल्सियस उष्णता मिळे, त्यामुळे भांडं सच्छिद्र आणि ठिसूळच राही. फुटलं तरी लगेच टाकत नसत. तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून दोरीनं आवळलेली मडकी सापडली आहेत, आणि मला तरी अखंड मडक्यांपेक्षा हीच जास्त मोलाची वाटतात. भांडं घडवायला किती कष्ट पडत, ते त्यांच्यावरून कळतं.

नक्षी माती अर्धवट सुकल्यावर काढायची. फार ओली असेल तर रेघेच्या कडा फुगतात, फार सुकली तर नक्षी कोरायचं फणीसारखं दातेरी हत्यार रुततच नाही. काठाखाली आखूड तिरप्या रेघांच्या रांगा, पोटावर माशाच्या काट्यासारखी आडवी नागमोड, बुडाकडे पुन्हा तिरप्या रेघा, असे तीन पट्टे.

पुढच्या पिढ्यांनी हे काम हळूहळू कमी केलं. कोरियाच्या मध्य-पश्चिम भागात आधी बुडावरची नक्षी गेली, मग पोटावरची, शेवटी उरली ती फक्त काठावर. इसवी सन पूर्व १५०० च्या सुमारास तर बिननक्षीची मडकी रूढ झाली. संशोधक याच क्रमावरून खापराचं वय ताडतात. त्यात काठाचा तुकडा फारसा उपयोगी पडत नाही, कारण नक्षीदार मडक्यांच्या सगळ्याच टप्प्यांत काठावर नक्षी असते. पोटाचा आणि बुडाचा तुकडा मिळाला तरच काळ नेमका सांगता येतो.