ईव्हीचं कार्ड नकली नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेल्या आठवड्यात भाच्याला त्याच्या पोकेमॉन कार्डांमधल्या ईव्ही या पोकेमॉनच्या कार्डावरून पुन्हा तेच ऐकवलं गेलं: 'मूळ संचात ईव्ही नाही, म्हणजे तुझं कार्ड नकली.' पोरगं रडवेलं झालं. आमच्या लहानपणापासूनचा हा समज साफ चुकीचा आहे.

1999 च्या इंग्रजी मूळ संचात, म्हणजे कार्डांच्या पहिल्या संचात, 102 कार्डं होती, पण पोकेमॉन फक्त 69. बाकी 26 ट्रेनर (खेळात मदत करणारी) आणि 7 एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी ऊर्जा) कार्डं. पहिल्या व्हिडिओ गेममधले पोकेमॉन मात्र 151! उरलेले मावणार कुठे? ते पुढच्या संचांत आले. ईव्ही 'जंगल' नावाच्या संचात आहे. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बघा: 51/64, म्हणजे 64 पैकी 51 वं कार्ड, शेजारी काळा गोल. गोल म्हणजे सहज मिळणारं, चौकट (पत्त्यातल्यासारखी) म्हणजे कमी मिळणारं, तारा दुर्मीळ. क्रमांकाचा ताकदीशीही संबंध नाही. मूळ संचात पिकाचू 58 वा आहे.