पसारा वेगळा, घाण वेगळी

जमिनीवर पसरलेले ठोकळे, उशांचा केलेला बोगदा, मांडून ठेवलेली भातुकली आणि खुर्चीखाली सांडलेलं दूध. चारही गोष्टी पाहून तोंडातून वाक्य एकच निघतं, ‘काय घाण करून ठेवलीये!’ खरं तर यातल्या पहिल्या तीन गोष्टी म्हणजे पसारा, घाण फक्त सांडलेलं दूध. दोन्हींना सारखाच ओरडा बसला की मुलाचा खेळ आपल्याला दिसतच नाही, आणि आवरण्याची ताकदही नको तिथे खर्च होते.

ओळखायची खूण सोपी आहे. हे तासभर असंच राहिलं तर काय बिघडेल? काहीच बिघडणार नसेल तर तो पसारा. डाग बसेल, वास सुटेल, मुंग्या लागतील, कुणी घसरेल, तर घाण. पसारा बहुतेक वेळा कोरडा असतो, घाण ओली. शिवाय पसाऱ्याला मुलाच्या डोक्यात मांडणी असते. दारापासून सोफ्यापर्यंत लावलेल्या वाट्या ही आगगाडी असते. त्यातली एक उचलली की मूल रडतं, कारण गाडीचा डबा गेलेला असतो. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. सांडलेलं वरण पुसलं म्हणून मात्र सहसा कुणी रडत नाही.

म्हणून पसाऱ्याला हात लावण्याआधी ‘हे काय केलंस?’ असं विचारावं आणि उत्तर नीट ऐकावं. दिवसातला सगळ्यात छान भाग कित्येकदा त्या उत्तरात असतो. आवरायच्या पाच मिनिटं आधी सांगावं. लहान मुलाला ‘सगळं आवर’ म्हटलं तर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ‘आधी गाड्या टोपलीत टाक’ म्हटलं की कळतं. खेळ जुन्या चादरीवर मांडला तर शेवटी चार टोकं धरून गाठोडं करता येतं. एक अपवाद कडक पाळायचा: तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मणी, बटणं, नाणी आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या पसाऱ्यात नकोत. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावं. भातुकलीत शेंगदाणे आणि फुटाणेही पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात.

घाण लगेच काढायची, पण रागावून नव्हे. दुधाच्या डागावर आधी थंड पाणी घालावं. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नये, धुऊन कडक उन्हात टाकावा, फिका पडतो. भिंतीवरच्या मेणखडूच्या रेघा ऑइलपेंटवर असतील तर ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने घासाव्यात. डिस्टेंपरवर हे करू नये, रंगच निघून येतो.

फसगत होते ती आठ-दहा महिन्यांच्या बाळाच्या जेवणात. चमचा खाली टाकायचा, वाकून बघायचं, पुन्हा मागायचा. नजरेआड गेलेली वस्तू कुठे जाते, पडल्यावर आवाज कसा येतो, हे बाळ तपासत असतं. म्हणजे कृती खेळाची, परिणाम घाणीचा. इथे दोन्ही वेगळे करावेत: ताटलीत एका वेळी दोन-तीनच घास, खुर्चीखाली प्लॅस्टिक, आणि टाकाटाकीसाठी जेवणानंतर कोरडी वाटी आणि लाकडी चमचा. तोंड फिरवून घास भिरकावायला लागलं तर पोट भरलंय, ताटली उचलावी.

दिवाळीचा किल्ला मात्र ओल्या-कोरड्याच्या खुणेत बसत नाही. माती ओली आहे, तरी तो पसाराच, कारण इतकी मांडणी दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच असते. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, मग पायऱ्या, बुरूज आणि मावळे. उतारावर अळीव पेरावेत. ते भिजले की चिकट होतात आणि मातीला धरून राहतात. मोहरी ओघळते, म्हणून ती बोटाने हलकेच दाबावी लागते. तीन-चार दिवसांत हिरवं दिसू लागतं. पाणी हाताने शिंपडावं, तांब्याने ओतलं तर बुरूज खचतो.

इथे घाण कुठे सुरू होते? माती आणताना तिच्यात कुत्र्या-मांजरांची विष्ठा नाही ना, ते बघावं. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत, नखांखालची माती काढावी. चिखलाचं पाणी मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो. बादलीत तासभर निवळू द्यावं आणि वरचं पाणी झाडांना घालावं. तेवढा वेळ ती बादली लहान बाळाच्या हाताशी नसावी. बोटभर पाणीही त्याला धोक्याचं असतं. बऱ्याच घरी किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मोडताना मावळे आधी मुलांनाच उचलू द्यावेत, मग माती कुंड्यांत घालावी आणि गोणपाट धुऊन पुढच्या वर्षासाठी वाळवून ठेवावं.