चिऱ्याची भिंत आणि कृष्णधवल रोल

जुन्या भात्याच्या किंवा डबा कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी गोल लाल काच असते. आतल्या कागदावरचे आकडे तिच्यातून वाचायचे आणि पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवायचा. काच लालच, कारण हे कॅमेरे आखले गेले तेव्हा बहुतेक फिल्मना लाल प्रकाश दिसतच नसे. १२० क्रमांकाचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला आणि तो आजही मिळतो. आजोबांच्या ट्रंकेत निघालेल्या आग्फा क्लिक थ्रीलाही तोच लागतो. फक्त आजची बहुतेक फिल्म लाल रंग चांगला बघते. म्हणून त्या काचेवर काळी चिकटपट्टी लावायची, आणि रोल फिरवण्यापुरती तीही सावलीत उघडायची.

गोव्यात फिल्म निवडताना हा लाल रंगच आधी विचारात घ्यावा लागतो. इथली माती तांबडी, चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) तांबडे, कौलं तांबडी, आणि त्यांना खेटून हिरवीगार झाडी.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चांदीच्या काही आयनांचे अणू बनतात. अशा मोजक्या अणूंचा ठिपका तयार झाला, की डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. पण नुसता स्फटिक निळा-जांभळा प्रकाशच शोषतो. हिरव्याचा आणि लालचा त्याच्यावर परिणाम होत नाही. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळलं, की स्फटिकांना ठरावीक रंगद्रव्य लावलं तर हिरवाही टिपता येतो. ही झाली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. पुढे लालपर्यंत पोहोचलेली ती पॅनक्रोमॅटिक. घरातल्या फार जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं कुळकुळीत दिसतं, ते लाल न बघणाऱ्या जुन्या फिल्ममुळे.

जुन्या गोव्यात याची परीक्षा एका रस्त्यावर घेता येते. एका बाजूला बॉम जीझसची बासिलिका, गिलावा नसलेली, उघड्या चिऱ्यांची. पलीकडे पांढरंशुभ्र से कॅथेड्रल. इल्फर्डची ऑर्थो प्लस ही ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म घातली तर बासिलिका काळपट येते आणि निळं आकाश इतकं उजळतं की ढग त्यात हरवतात. नेहमीची पॅनक्रोमॅटिक घातली तर चिरा मधल्या करड्या छटेत येतो, आणि शेजारचं झाडही जवळपास त्याच छटेत. डोळ्यांना इतका उठून दिसणारा फरक कागदावर गायब! पणजीतल्या फोंताईन्हासच्या रंगीत घरांचंही असंच होतं.

यावर उपाय फिल्टरचा, म्हणजे लेन्सवर लावायच्या रंगीत काचेचा. लाल फिल्टर चिरा उजळतो आणि आकाश गडद करतो, पण आठपट प्रकाश खातो. म्हणजे ४०० आयएसओची फिल्म ५० सारखी वागू लागते (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश फिल्मला पुरतो). नारिंगी फिल्टरला साधारण चौपट लागतो, पिवळ्याला दुप्पट. मला नारिंगी आवडतो. लाल फिल्टरने आकाश उगाच नाटकी होतं. आणि लाल फिल्टर ऑर्थोवर लावू नका, निगेटिव्ह जवळपास कोरी निघेल.

आता फिल्मचा वेग, म्हणजे हाच आयएसओ. तो लेन्सपेक्षा शटरवर ठरवावा. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ ला ठेवलं तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका लागतो: ४०० ला १/४०० सेकंद. डबा कॅमेऱ्यात १/५० आणि एफ/११ च्या आसपास एवढंच हाताशी असेल, तर ४०० च्या फिल्मवर गरजेच्या सोळापट प्रकाश पडतो. १०० च्या फिल्मवर चौपट पडतो आणि कृष्णधवल निगेटिव्ह तेवढं मुकाट्याने सोसते. तेव्हा दिवाळीनंतरच्या लख्ख उन्हात एफपी फोर प्लस किंवा फोमापॅन १००. पावसाळ्यात, आणि फोंड्याकडच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या सावलीच्या बागांत) तर बाराही महिने, ४०० ची एचपी फाइव्ह प्लस किंवा ट्राय-एक्स.

४०० ची फिल्म दाणेदार म्हणून लोक बिचकतात. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह ८६४ चौरस मिलिमीटरची, तर १२० रोलवरची चौकोनी ‘सहा बाय सहा’ची (प्रत्यक्षात बाजू सुमारे ५६ मिलिमीटर) सुमारे ३,१३६, म्हणजे साडेतीनपटीहून मोठी. तेवढाच फोटो काढायला ती कमी मोठी करावी लागते, त्यामुळे दाणा कमी दिसतो. टी-मॅक्स, डेल्टासारख्या फिल्ममध्ये स्फटिक चपटे असतात आणि दाणा आणखी बारीक पडतो. पण म्हातारं शटर १/१०० सांगून १/६० देत असेल तर मी जुन्या धाटणीच्या, चूक पोटात घालणाऱ्या फिल्मच घेईन. ट्रंकेत ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल सापडलाच तर तो गंमत म्हणून वापरावा, लग्नाच्या फोटोंसाठी नाही.

इथली दमट हवा रोलच्या मागच्या कागदाला सोसत नाही. कधीकधी त्यावरचे आकडे फिल्मवर उमटतात. न उघडलेला रोल फ्रिजमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट फोडू नये, नाहीतर फिल्मवर बाष्प धरतं. काढलेला रोल लवकर धुवावा. फिल्म धुण्याचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सिअसचे असतात, आणि उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), शेवटचं पाणी हेही त्याच्याच जवळपासच्या तापमानाला ठेवावं. एकदम मोठा फरक पडला तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्या पुन्हा निघत नाहीत.