काठीने माप घेणं फाऊल नाही

‘पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात टेबलावर काठी आडवी धरून माप घेतलं की फाऊल’, हे बऱ्याच टेबलांवर ठणकावून सांगितलं जातं. चूक. हातातली क्यू (म्हणजे खेळायची काठी) टेबलावर धरून कोन पाहणं, दोन चेंडूंमधल्या फटीतून ५७ मिमीचा चेंडू जाईल का हे ताडणं चालतं. मात्र हात सोडू नका. काठी तशीच ठेवून मागे जाऊन पाहणं काही नियमावल्यांत फाऊल धरतात.

फट मोजायला चेंडू किंवा रॅक (चेंडू रचायची त्रिकोणी चौकट) वापरला, नेम धरायला रेलवर (टेबलाच्या कडेवर) खडू ठेवला, तर मात्र फाऊल. खरा घात वेगळाच: काठी उचलताना शाफ्ट (तिचा पुढचा निमुळता भाग) शेजारच्या चेंडूला घासतो. म्हणून ती सरकवू नका, सरळ वर उचला. आणि प्रत्येक सोप्या शॉटला मापं काढणारा समोरच्याचा जीव खातो, हेही खरंच.