घरगुती ऊर्ध्वपातन पात्रातील विद्युत तापक

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये तयार केलेल्या ऊर्ध्वपातन पात्रात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून गोळा करण्याच्या भांड्यात, तळाच्या जरा वर आणि कायम द्रवात बुडून राहील असा बसवलेला विजेचा तापक. बाजारात त्याला एलिमेंट किंवा नुसते कॉइल म्हणतात. शेगडी पात्राला बाहेरून तापवते आणि तिची बरीच उष्णता पात्राच्या कडेने वर निघून जाते. बुडवलेला एलिमेंट मात्र आपली जवळजवळ सगळी उष्णता द्रवालाच देतो. सोलापुरात असे पात्र मुख्यतः दोन कामांना उपयोगी पडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आणि प्रयोगशाळेत लागणारे ऊर्ध्वपातित पाणी तयार करणे हे एक, आणि गवती चहा, निलगिरी, वाळा यांचे सुगंधी तेल वाफेवर काढणे हे दुसरे. प्रस्तुत नोंद या दोन उपयोगांपुरती आहे.

रचना : एलिमेंटच्या गाभ्यात निक्रोमची गुंडाळलेली तार असते. निकेल सुमारे ८० टक्के आणि क्रोमियम २० टक्के असलेल्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. लालबुंद होऊनही ती हवेत लवकर जळत नाही, म्हणून इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळीकडे तीच वापरतात. तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. त्यावर तांबे, स्टेनलेस स्टील किंवा इनकोलॉयची (निकेल, लोह व क्रोमियमच्या मिश्रधातूची) नळी असते आणि द्रवाचा स्पर्श फक्त या नळीला होतो.

वॅटचा हिशेब : पात्र मोठे म्हणून कॉइल मोठी घ्यायची, हा सर्रास आढळणारा समज अर्धाच बरोबर आहे. पात्राच्या आकारावरून फक्त पहिली उकळी यायला किती वेळ लागेल ते ठरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८.५ अंश सेल्सिअसला उकळते. २० लिटर पाणी २८ अंशांवरून तिथवर न्यायला सुमारे ५,९०० किलोज्यूल लागतात. २,००० वॅटचा एलिमेंट ते काम पन्नासेक मिनिटांत करतो. पात्राच्या पत्र्यातून जाणारी उष्णता धरली तर तासाभरात.

उकळी फुटल्यावर हिशेब बदलतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल म्हणजे ०.६३ युनिट वीज लागते. त्यामुळे २,००० वॅटवर तासाला तीन लिटरच्या आसपास पाणी मिळते, मग पात्र २० लिटरचे असो वा ५० लिटरचे. गिझरचा थर्मोस्टॅट येथे कुचकामी ठरतो तोही याच कारणाने. तो पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी वीज तोडतो, आणि त्याचा बिंदू वर सरकवला तरी उपयोग नाही, कारण उकळत्या पाण्याचे तापमान एकाच जागी ठरलेले असते. वाफ कमी-जास्त करायची तर वॅटच कमी-जास्त करावे लागतात.

त्यासाठी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात. मात्र पंख्याचा रेग्युलेटर या भाराला लावला तर तो तत्काळ जळतो. याहून सोपी आणि टिकाऊ युक्ती म्हणजे १,००० वॅटचे दोन एलिमेंट बसवणे. दोन्ही समांतर जोडले की २,००० वॅट, एकच चालू ठेवला की १,०००, आणि दोन्ही एकसर जोडले की ५०० वॅट मिळतात. तेल काढताना ही शेवटची पायरी फार कामाला येते. विजेचा दाबही लक्षात घ्यावा लागतो. वॅट दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, म्हणून २३० ऐवजी २०० व्होल्ट आले की २,००० वॅटची कॉइल दीड हजारावर येते आणि उत्पादन पाऊणपट होते. यंत्र बिघडले असे समजून ते उघडण्यापूर्वी मीटर लावून दाब पाहिलेला बरा.

थंड पाण्याचा प्रश्न : जितकी उष्णता वाफेत घातली तितकी संघनकात, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भागात, काढून घ्यावी लागते. सोलापूरसारख्या गावात कॉइलची ताकद खरे तर इथे ठरते. संघनकात शिरणारे पाणी २५ अंशांचे असेल आणि ते ५५ अंशांना बाहेर सोडायचे असेल, तर एक लिटर वाफेच्या पाण्यामागे १८ लिटर थंड पाणी वाहून जाते. हिवाळ्यात हे जमते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणीच ४० अंशांवर पोहोचलेले असते, आणि तेव्हा हाच आकडा दुप्पट होऊन ३६ लिटरवर जातो. उजनी धरण जिल्ह्यातच असले तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही. तासाला तीन लिटर बॅटरीचे पाणी काढण्यासाठी शंभराहून अधिक लिटर पाणी मोरीत सोडणे येथे कोणालाच परवडणारे नाही.

उपाय सोलापूरच्या घराघरांत आधीच उभा आहे, तो म्हणजे डेझर्ट कूलर. संघनकातून निघालेले गरम पाणी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर सोडायचे, खालच्या टाकीत जमलेले थंड पाणी छोट्या पंपाने परत संघनकात पाठवायचे. उन्हाळ्यातली कोरडी हवा, जिच्या नावाने सगळे बोटे मोडतात, ती या कामी उत्तम साथ देते. बाष्पीभवनातून निघून जाणारी उष्णता जवळपास संघनकात सुटणाऱ्या उष्णतेइतकीच असल्याने, एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी काढायला कूलरमधले साधारण एकच लिटर खर्च होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही व्यवस्था मंदावते. तेव्हा एक कॉइल बंद ठेवून चालवावे. संघनकातून आलेले कोमट पाणीच पात्रात भर म्हणून घातले, तर तापवण्याची वीजही थोडी वाचते.

पात्र आणि भोक : स्टेनलेस स्टीलचा ४० लिटरचा दुधाचा कॅन हे सर्वांत सोयीचे पात्र. अॅल्युमिनियमचा कॅन स्वस्त मिळतो, पण तांब्या-पितळेच्या फिटिंगशी जोड आला की क्षारयुक्त पाण्यात तो कुरतडला जातो. जुना तांब्याचा बंब वापरण्याचा मोह अनेकांना होतो. बंबाच्या मधोमध निखाऱ्यांची नळी असते, त्यामुळे पाण्याला कड्यासारखी अरुंद जागा उरते आणि सरळ यू आकाराचा एलिमेंट त्यात मावत नाही. शिवाय आतली कल्हई कथिलाची असते. कथिल २३२ अंशांना वितळते, म्हणजे एलिमेंट एकदा कोरडा तापला की जवळपासची कल्हई गेलीच. बॅटरीच्या पाण्यासाठी तर बंब बादच समजावा. त्या पाण्याच्या शुद्धतेचे भारतीय मानक आयएस १०६९ हे आहे आणि बॅटरीला तांबे व लोह दोन्ही बाधतात.

एलिमेंट आडवा, तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर बसवतात. पातळी किमान झाली तरी त्याच्यावर पाच सेंटिमीटर द्रव राहील अशी उंची धरायची. भोक होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, पाडतात. छिन्नीने पाडलेल्या वेड्यावाकड्या भोकावर कोणताही वायसर टिकत नाही. पत्रा पातळ असल्याने त्यात आटे पाडता येत नाहीत. म्हणून एकतर दोन्ही बाजूंनी वायसर देऊन आतून चेकनट आवळतात, किंवा भोकावर स्टीलचे अर्धे सॉकेट (आतून आटे असलेला पाइपजोडाचा तुकडा) आर्गन वेल्डिंगने जोडून घेतात. दुसरा मार्ग थोडा खर्चिक, पण कायमचा. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखान्यांची कामे करणाऱ्या वेल्डरला हे किरकोळ काम आहे.

आट्यांकडे मात्र लक्ष द्यावे. भारतात बहुतेक फिटिंग बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे असते, तर परदेशी बनावटीचे एलिमेंट बऱ्याचदा एनपीटी किंवा एनपीएस (अमेरिकन मापाच्या) आट्यांचे. एक इंचाच्या मापात बीएसपीचे इंचाला ११ आटे आणि ५५ अंशांचा कोन, तर एनपीटीचे साडेअकरा आटे आणि ६० अंश. पहिले दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने बसतात, मग अडकतात. टेफ्लॉन टेपचे थर वाढवून ही जोडणी पार पाडणारे कारागीर आहेत. ती गरम झाल्यावर गळते आणि गळते तेही नेमके विजेच्या टोकांकडे. वायसर सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा घ्यावा, साध्या काळ्या रबराला तेलाच्या वाफेने फुगवटा येतो.

एलिमेंटच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला किती वॅट पडतात हेही पाहावे लागते. ८ मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची नळी २,००० वॅट देत असेल तर हा भार सुमारे ८ वॅट येतो. स्वच्छ पाण्याला तो चालतो. तेल काढताना पाला एलिमेंटला टेकला तर तो करपतो आणि तेलाला लागलेला धुरकट वास मग कशानेही जात नाही. म्हणून मध्ये स्टीलची जाळी बसवून पाला तिच्यावर, पाण्याच्या वर ठेवतात.

वीज आणि वाफ : २,००० वॅटला २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) हवा. पात्राच्या धातूला अर्थिंगची तार बोल्टने पक्की जोडलेली असावी आणि मंडलात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की ती तोडणारा स्विच) असावा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवण्याचे काम आरसीसीबीचे. एक आहे म्हणून दुसरा वगळता येत नाही. नळाच्या पाइपला तार गुंडाळून अर्थिंग झाले असे समजणे प्लॅस्टिकच्या पाइपांच्या काळात निव्वळ आत्मवंचना आहे. एलिमेंटची टोके बंद डबीत घ्यावीत आणि ही डबी झाकणाच्या व नळीच्या सांध्याखाली येऊ देऊ नये.

कोरडा चालणे हा एलिमेंटचा सर्वांत मोठा शत्रू. पाणी संपताच नळी काही क्षणांत लाल होते. पात्राला एलिमेंटच्या पातळीवर साधारण ११० अंशांना तुटणारा थर्मल कटआउट लावला तर तो पाणी असेपर्यंत गप्प राहतो आणि पाणी गेले तरच वीज तोडतो. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा घेते, म्हणून संघनकाचे तोंड नेहमी उघडे असावे. त्यावर कॉक बसवू नये. सोलापुरात बॉयलर म्हटले की गिरण्यांची धुराडी आठवतात. ते बॉयलर दाबाखाली चालत आणि त्यांच्या तपासणीला स्वतंत्र कायदा होता. ऊर्ध्वपातन पात्रात दाब साठवायचाच नसतो, आणि हाच त्याचा मुख्य सुरक्षा उपाय आहे.

कायदा : हेच पात्र दारू गाळण्यासाठी वापरणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार विनापरवाना दारू तयार करणे आणि त्या हेतूने भट्टीचे साहित्य जवळ बाळगणे, दोन्ही शिक्षापात्र आहेत. हातभट्टीचा व्यवसाय सोडून कुटुंबांनी दुसऱ्या रोजगाराकडे वळावे यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हा उपक्रम सुरू केला होता. विजेवर गाळली म्हणून दारू सुरक्षित होत नाही. अल्कोहोलची वाफ स्विचच्या ठिणगीनेही पेट घेते.

निगा : सोलापूर परिसरातील बोअरचे पाणी जड असते. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र पात्रातच राहून एलिमेंटवर पांढरा थर धरतात. हा थर उष्णता अडवतो, आतली तार गरजेपेक्षा जास्त तापते आणि कॉइल अकाली जाते. पात्राच्या तळाला कॉक ठेवून उरलेले दाट पाणी दर वेळी काढून टाकावे. आटेपर्यंत चालवण्याची काटकसर महागात पडते. धरलेला थर सायट्रिक अॅसिडच्या, म्हणजे लिंबूफुलाच्या, कोमट द्रावणात सुटतो. तो चाकूने खरवडला की नळीला चरे पडतात आणि पुढचा थर तिथेच घट्ट बसतो.

बरेच महिने पडून राहिलेला एलिमेंट, विशेषतः पावसाळ्यानंतर, चालू करताच आरसीसीबी पडतो. कॉइल फुटली असे समजून ती बहुधा भंगारात जाते. प्रत्यक्षात टोकांच्या फटीतून मॅग्नेशियम ऑक्साइडने हवेतला ओलावा ओढलेला असतो. एलिमेंट सुटा करून ओव्हनमध्ये काही तास मंद तापवावा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन तपासण्याच्या मीटरने) मोजावे. तार आणि नळी यांच्यामधला रोध एक मेगओहमच्या वर आला तर तो पुन्हा बसवता येतो; नाही आला तर बदलावा.